समासातलं ‘कोणी?’

आमच्या बुधवारच्या वर्गावर बाई पहिल्यांदा आल्या, तेव्हा त्यांनी फळ्यावर तीन वाक्यं लिहिली. काच फुटली. चाकू लागला. मार बसला. मग खडू ठेवून त्या मुलांकडे वळल्या.

“मी सत्तावीस वर्षं कोर्टात टाइपिस्ट होते. साक्षीदार बोलायचे, मी टाइप करायचे. एवढ्या वर्षांत टेबलावरचा चाकू आपण होऊन उठला आणि कुणाला जाऊन लागला, असं एकदाही झालं नाही. आणि मार म्हणजे काय पाहुणा आहे, येऊन बसायला?”

मुलं हसली. बाई हसल्या नाहीत.

“एका माणसाच्या पोटात सहा वेळा चाकू खुपसला होता. खुपसणारा त्याचा सख्खा मेहुणा. तो पिंजऱ्यात उभा राहून सांगत होता, भांडण झालं, चाकू लागला. सहा वेळा लागला! वाक्यात माणूसच नाही. आपली भाषा फार मायाळू आहे, करणाऱ्याला पटकन पदराखाली घेते. ‘फुटला’ आणि ‘फोडला’ हे निदान वेगळे शब्द आहेत. पण ‘मोडला’ बघा. हात मोडला. आपोआप मोडला की कुणी धरून मोडला? शब्द एकच. तेव्हा तुमच्या गोष्टीत जिथे माणूस लपेल, तिथे मी समासात लाल शाईनं एकच शब्द लिहीन.”

आणि त्यांनी फळ्याच्या कडेला लिहिलं : कोणी?

तेव्हापासून मुलं त्यांना पाठीमागे ‘कोणीबाई’ म्हणू लागली. त्यांना ते ठाऊक होतं.

हा वर्ग म्हणजे शाळा नव्हे. आमच्या भागातल्या सात घरांतली अकरा मुलं शाळेत न जाता घरीच शिकतात. वयं अकरा ते चौदा. बुधवारी सगळी एकत्र जमतात आणि ज्या पालकाला जे येतं ते तो शिकवतो. माझ्या मुलीचा मुलगा त्यांत आहे. सारखे प्रश्न विचारतो म्हणून त्याला सगळे ‘चौकशी’ म्हणतात. बुधवारी मला कामावरून सुट्टी असते, त्यामुळे वर्गाचं वेळापत्रक, हजेरी आणि नियम हे काम माझ्याकडे आपसूक आलं. पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन. माझा जन्म सिमेंटच्या गोदामाच्या ऑफिसात गेला. पावतीवर घेणाऱ्याची सही नसेल तर माल पोचलाच नाही असं समजायचं, ही तिथली शिस्त. तीच मी वर्गात आणली. तपासलेली वही त्याच दिवशी घरी जाईल, मुलाने चूक दुरुस्त करावी, खाली पालकाने सही करावी, पुढच्या बुधवारी वही परत यावी. या नियमाचं सगळ्यांनी कौतुक केलं होतं.

बाई आमच्या शेजारच्या इमारतीत एकट्या राहतात. त्या कोर्टातून निवृत्त झाल्यावर मी त्यांना गोष्टी लिहायला शिकवाल का, असं विचारलं. त्यांनी मला एकच उलट प्रश्न केला.

“मुलांना मारता का तिथे?”

“छे हो.”

“मग येते.”

त्यांना डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही. कुणी वाचायला उभं राहिलं की त्या उजवा कान पुढे करून बसतात. चौकशीने पहिल्याच दिवशी विचारलं, “बाई, तुमचा कान कसा गेला?”

“लहानपणी गेला. चला, वह्या काढा.”

आम्ही जमायचो तो हॉल एका टायरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होता. खालून रबराचा वास यायचा आणि चाकाचे नट खोलताना लोखंडाचा ठणठणाट. पूर्वी तिथे कोचची व्यायामशाळा होती. त्याने मोठी जागा घेतली आणि ही आम्हाला वापरायला देऊन टाकली. एका भिंतीभर आरसा, कोपऱ्यात उरलेल्या लोखंडी चकत्या. कोच हा सगळ्यांचा आवडता माणूस. दोन दंडांना दोन मुलं लोंबकळवून जिना चढायचा. शेवटचा तास त्याचा, कवायतीचा. त्याची बायको चित्रकला शिकवायची. आम्ही तिला वहिनी म्हणायचो. त्या फार बोलत नसत. एकच गोष्ट माझ्या लक्षात यायची : कोचचा विनोद संपायच्या आधीच त्या हसायच्या. त्यांची मुलगी बारा वर्षांची. तिचं अक्षर इतकं बारीक की ते वाचायला बाई भिंग आणायच्या. तिचं नाव पडलं मुंगी.

त्या वर्षी मुंगीचा उजवा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. जिन्यावरून पडली, असं कोचने सांगितलं होतं. तिच्या प्लास्टरवर आम्ही सगळ्यांनी नावं लिहिली. मीही लिहिलं.

मुलांना गोष्टी लिहायला दिल्या की रक्ताचे पाट वाहतात, हे मला नव्याने कळलं. चौकशीने एका पानात एकोणीस माणसं मारली. ‘डॉक्टर’ नावाने ओळखली जाणारी एक मुलगी होती, तिने एकाचं आतडं बाहेर काढून त्याची लांबी मोजली. बाईंनी चौकशीची गोष्ट शांतपणे ऐकून घेतली.

“एकोणीस मेले?”

“हो बाई. आणि एक घोडा.”

“पण दुखलं कुणालाच नाही. तुझ्यापेक्षा तो घोडा बरा, निदान खिंकाळला तरी. आता असं करायचं. एक पान, एक फटका. एकच मारायचा. पण तो कुठून निघाला, कुठे पडला, आवाज कसा आला, नंतर खोलीत काय झालं, सगळं पाहिजे. आणि माणूस लपवायचा नाही.”

मुलं लिहायला बसली. तासभर खोलीत नुसता पेनांचा आवाज होता. मग कोच आला, टाळ्या वाजवून त्याने सगळ्यांना आरशासमोर उभं केलं आणि कवायत सुरू झाली. एक दोन तीन चार. बाई कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून अकरा वह्या तपासत होत्या. आठवी वही मुंगीची. ते पान मी नंतर बाईंच्या तोंडून ऐकलं. ऐकलेलं टाइप करायची सवय असल्यामुळे त्यांना ते जसंच्या तसं पाठ आहे.

‘ती टेबलाखाली होती. टेबलाखालून फक्त पाय दिसतात. आईचे पाय पळत नव्हते. मग तिला पायाला धरून बाहेर ओढली. हात मागे वळवला. हात मोडला. आवाज मोठा नव्हता. दाराची कडी नीट लागली की होतो तेवढाच. मग सगळे एकदम चांगलं वागायला लागले.’

बाईंचा लाल पेन ‘हात मोडला’पाशी थांबला आणि समासात गेला. कोणी? पुढची वही. तिच्या पुढची. कवायत संपली, वह्या वाटल्या गेल्या, मुलं घरी गेली. कवायतीत कोच जी मुलं नाचवत होता त्यांत मुंगीही होती, आणि तिचा प्लास्टरमधून निघालेला हात दुसऱ्या हातापेक्षा बारीक दिसत होता.

त्याच संध्याकाळी बाई आमच्या दारात उभ्या. चपलाही वेगवेगळ्या जोडांतल्या.

“वही घरी गेली,” त्या म्हणाल्या.

त्यांनी पान म्हणून दाखवलं. 

“वहीत मुलगी कोणाची ते लिहिलंय कुठे?” मी म्हटलं. “गोष्ट आहे ती.”

“तिच्या प्लास्टरवर तुमचं नाव होतं ना?”

“मग ती खोडून टाकेल. घरी दाखवायच्या आधी.”

“नाही खोडणार. मी तिला खोडायला शिकवलं नाही. आणि तुमचा नियम काय आहे? चूक दुरुस्त करायची आणि सही घ्यायची.”

आम्ही दोघे कोचच्या घरी गेलो. त्यानेच दार उघडलं, हसून खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. मुंगीला ताप आहे, झोपलीय, म्हणाला. वहिनी आतून बाहेर आल्या नाहीत. बाईंनी दोनदा विचारलं, मुलीला नुसती बघून जाऊ का? तो दोनदा हसला. आम्ही परत आलो. पोलिसांत जायचं बाईंनी काढलं, तेव्हा मी म्हटलं, आपल्या हातात आहे काय, पुढच्या बुधवारपर्यंत थांबू. खरं सांगायचं तर हॉल त्याचा आहे, हेही माझ्या मनात होतं. सहा दिवस आम्ही थांबलो. मी थांबवलं.

बुधवारी अकराच्या सुमाराला दहा मुलं बसली होती. कोच मुंगीला मानगुटीला धरून आत आला. तिचा वरचा ओठ सुजून डोळ्याखालच्या निळ्या डागाला भेटायला निघाल्यासारखा दिसत होता. मागे दारात वहिनी. कोचने वही टेबलावर आपटली.

“वाच,” तो मुंगीला म्हणाला. “मोठ्यानं वाच. तुझ्या बाईंना एका कानानं ऐकू येत नाही.”

“तिला सोडा,” बाई म्हणाल्या.

“माझ्या हॉलमध्ये बसून माझ्या घरातलं ‘कोणी?’ विचारता? वाच गं!”

मुंगीने वाचलं. ‘हात मोडला’पाशी ती थांबली.

“पुढे? लाल शाईखाली काय लिहिलंयस? आणलीस ना मोठ्या तोऱ्यात सहीला? वाच ना!”

“बाबांनी,” मुंगी म्हणाली.

कोचने तिच्या कानशिलात दिली. ती फळ्यावर जाऊन आदळली. आदळली म्हणजे, कोचने आदळली. त्याने वहीतलं पान फाडलं, चुरगळून त्याचा बोळा केला, तिचा जबडा एका हाताने दाबून उघडला आणि बोळा तोंडात कोंबला. “खा. काय लिहिलंयस ते खा.” कागद आत ढकलताना त्याच्या अंगठ्याने तिचा सुजलेला ओठ फाटला आणि रक्त कागदावर उतरलं.

बाई मध्ये गेल्या. एकसष्ट वर्षांची, हडकुळी बाई. त्यांच्या हातात लाल पेन होता. कोचने पेनासकट त्यांचा हात पकडला आणि बोटं मागे वाकवली. त्याने त्यांची दोन बोटं मोडली. आवाज मी ऐकला. मुंगीने बरोबर लिहिलं होतं, तो मोठा नसतो.

मी मागून त्याच्या दंडाला लोंबकळलो. मुलं लोंबकळायची तसाच. त्याने मला झटकलं आणि मी चकत्यांच्या ढिगावर पडलो, माझ्या दोन बरगड्या अजून थंडीत बोलतात. मग त्याने त्यातलीच एक चकती उचलून आरशावर फेकली. भिंतभर आरसा क्षणभर तसाच उभा राहिला, त्यात आम्ही सगळे उभे आडवे फाटलेले दिसत होतो, आणि मग तो खाली आला. मुलं किंचाळत बाकांखाली शिरली. एक तुकडा चौकशीचं कपाळ चिरत गेला.

आवाज ऐकून खालचा टायरवाला आणि त्याचे दोन कामगार धावत वर आले. टायरवाल्याच्या हातात टायर काढायची लोखंडी पट्टी होती. त्याने काही विचारलं नाही. मुंगीच्या तोंडातून लोंबणारा लाल कागद त्याने पाहिला आणि कोचच्या गुडघ्यावर पट्टी घातली. कोच पडल्यावर आणखी एकदा घातली. मग ते तिघे त्याच्या अंगावर बसले.

हवालदार आला तेव्हा काचांमुळे पाय ठेवायला जागा नव्हती. त्याने एक बाक झटकून घेतला, बसला, आणि लिहून झाल्यावर जबाब मोठ्याने वाचून दाखवला.

“किरकोळ वादातून झटापट झाली. त्यात आरसा फुटला व शिक्षिकेच्या हाताला मार लागला.”

“कोणी?” बाकाखालून एक आवाज आला.

“कोणी?” दुसऱ्या बाकाखालून डॉक्टर.

मग एकदम सगळे. कोणी? कोणी? हवालदाराने टोपी काढली.

“काय रे, हा वर्ग आहे की मोर्चा?”

कपाळावर रुमाल दाबत चौकशी उभा राहिला. “आरसा फुटला नाही. फोडला. कोचकाकांनी फोडला. बाईंची बोटंपण कोचकाकांनी मोडली. आणि कोचकाकांचा गुडघा...”

“मी फोडला,” टायरवाला म्हणाला. “लिहा साहेब. दोनदा घातली. ही पोरं लिहिल्याशिवाय सोडायची नाहीत.”

हवालदाराने बाईंकडे पाहिलं. “तुमचीच शिकवण वाटतं?”

“हो. मी शिकवलं.”

त्याने लिहिलेलं खोडलं आणि पुन्हा लिहायला घेतलं. बाईंनी त्याला मुंगीच्या पानाचं आणि हाताचंही सांगितलं. मग पेन थांबवून तो वहिनींना म्हणाला, “हे आजचं झालं. आजच्यावर हा माणूस उद्या परवा जामिनावर घरी येईल. मुलगीही घरीच येणार. हिच्या हाताचं जे म्हणतायत, त्याचा कागद तर तिच्या पोटात गेला. बारा वर्षांच्या पोरीनं गोष्ट लिहिली, एवढंच म्हणतील. तुम्ही घरात होतात. तुम्ही सांगा. हात कसा मोडला?”

सगळ्यांचं लक्ष वहिनींकडे. कोच तिघांच्या खालून मान वर करून म्हणाला, “सांग की. घरी जायचंय ना आपल्याला?”

“जिन्यावरून पडली,” वहिनी म्हणाल्या. त्या भिंतीकडे बघत होत्या, जिथे आता आरसा नव्हता. “पडली, आणि हात मोडला.”

हवालदाराने पेन टेकवला.

मुंगीने तोंडातला उरलेला बोळा बोटांनी ओढून काढला. तिने तो फेकला नाही, मुठीत धरला. रक्ताळलेल्या तोंडाने, पण अगदी वर्गात विचारावं तसं, तिने आईला विचारलं, “कोणी?”

 खाली कुणीतरी चाकात हवा भरत होतं, तो पंप तेवढा धापा टाकत होता.

“आई, कोणी?”

“ह्यांनी,” वहिनी म्हणाल्या.

“ह्यांनी म्हणजे?” हवालदार म्हणाला. “ताई, इथे पाच पुरुष आहेत. मी काय लिहू?”

“ए!” कोच ओरडला. टायरवाल्याने त्याच्या पाठीत गुडघा रोवला.

“माझ्या नवऱ्यानं,” वहिनी म्हणाल्या. आणि एकदा तोंड उघडल्यावर त्या थांबल्या नाहीत. “माझ्या नवऱ्यानं तिला टेबलाखालून ओढून काढली आणि हात पिरगाळून मोडला. मी दोन पावलांवर उभी होते. मी धरलं नाही, ओरडले नाही. दवाखान्यात जिना मी सांगितला. तेही लिहा. मी सांगितला.”

हवालदाराने सगळं लिहिलं. वहिनींनी खाली सही केली. ती मुंगीच्या वहीत मी कधी न पाहिलेली सही होती. वहीत दर आठवड्याला कोचचीच असायची.

त्या दिवशी मायलेकी घरी गेल्या नाहीत. पोलिसांची गाडी त्यांना थेट वहिनींच्या बहिणीकडे सोडून आली, आणि त्या अजून तिथेच आहेत. खटला चालू आहे. साक्षीला बाई जातात, मी जातो, चौकशीही एकदा जाऊन आला आणि वकिलाला वाक्य दुरुस्त करून आला. हॉल अर्थातच गेला. टायरवाल्याने आम्हाला त्याचं मागचं गोदाम दिलं आहे. मुलं टायरांवर बसतात आणि आता बाकांवर बसायला तयार नाहीत.

सहीचा नियम आता नाही. वर्गाच्या वहीत मी आधी ‘नियम रद्द झाला’ असं लिहिलं होतं. मग ते खोडून ‘नियम मी रद्द केला’ असं लिहिलं.

बाईंची बोटं वाकडी जुळली. लाल पेन त्या आता डाव्या हाताने धरतात आणि त्यांचं अक्षर पहिलीतल्या मुलासारखं येतं. मुंगी मध्यंतरी दोन महिने काहीच लिहीत नव्हती. वही उघडून बसायची आणि बंद करायची. बाईंनी तिला एकदाही टोकलं नाही. मागच्या महिन्यात तिने बाईंसमोर वही सरकवली. अर्ध्या पानात गोदामाचं वर्णन होतं, टायर होते, हवेचा पंप होता, आणि शेवटची ओळ अशी : ‘आमच्या बाईंचा कान लहानपणी गेला.’ तिच्यासमोर समासात तिने स्वतःच लाल शाईने लिहिलं होतं : कोणी?

बाईंनी भिंग लावून ते वाचलं. मग वही मिटून पिशवीत टाकली.

पुढच्या बुधवारी त्यांनी ती मुंगीला परत दिली आणि फळा पुसायला गेल्या. पुसायचं काही नव्हतं, फळा कोराच होता. चौकशी मुंगीच्या खांद्यावरून डोकावत होता, म्हणून मीही डोकावलो. लाल ‘कोणी?’च्या खाली डाव्या हाताची वेडीवाकडी अक्षरं होती.

‘वडिलांनी. पाटीच्या कडेने.’

मुंगीने ते दोनदा वाचलं. मग बाईंच्या टेबलावरचा लाल पेन उचलला आणि त्याखाली, या वेळी भिंग न लावता मला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं : ‘पूर्ण वाक्य लिहा.’